आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, रोज बायबलमधलं काय वाचावं? नावांची यादी वगैरे कंटाळवाणे भाग सोडले आणि फक्त मोबाईलवर येणारं मनन (उताऱ्यावरचं छोटं चिंतन) वाचलं तर चालेल का?

नाही चालणार. बाकीचं एक वेळ सोडा, पण 17 डिसेंबरचं नाही. तुम्ही 'नावांची यादी' म्हणालात म्हणून लिहायला बसले, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

मी वसईची, कॅथलिक, त्यामुळे रोजच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं धरून सांगते. 16 तारखेपर्यंत पहिल्या वाचनात बराचसा यशया असतो, तो वाचत राहायचा, सगळं कळलंच पाहिजे असं काही नाही. 17 पासून मग रोजचं शुभवर्तमान ठरलेलं असतं. 17 ला मत्तयने दिलेली येशूची वंशावळ, म्हणजे तुमची ती नावांची यादी, 18 ला योसेफाचं स्वप्न, 19 ला जखऱ्याची वाचा जाते, 20 ला देवदूत मरियेकडे येतो, 21 ला मरिया एलिझाबेथच्या घरी, 22 ला मरियेचं स्तोत्र, 23 ला जखऱ्याच्या मुलाचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म आणि 24 ला सकाळी जखऱ्याचं गीत. झालं, एवढं वाचलंत तरी पुष्कळ.

आता ती यादी. अब्राहामापासून येशूपर्यंत चौदा-चौदा पिढ्या तीन वेळा, याला तो झाला, त्याला हा झाला, सगळे बापलेक. आणि मध्येच चार बायका. तामार, जिला सासऱ्याने कबूल केलेला धाकटा मुलगा नवरा म्हणून दिलाच नाही म्हणून तिने तोंड झाकून रस्त्याकडेला बसून सासऱ्यालाच गाठलं. राहाब, यरीहोतली वेश्या. रूथ, मवाबी, म्हणजे परजातीची सून. चौथीचं तर मत्तय नावही घेत नाही, सरळ 'उरियाची बायको' म्हणतो, म्हणजे दावीद राजाने तिला घेतलं आणि उरियाला मारवलं ते कोणी विसरायला नको. सारा नाही, रिबेका नाही, ज्या मिरवायच्या त्या एकही नाहीत!

आमच्या घराण्यात काही वर्षांपूर्वी चुलतभावाने, त्याला आम्ही दादाच म्हणतो, नाताळच्या फॅमिली गेट-टुगेदरसाठी वंशावळीचा मोठा फ्लेक्स करून आणला, मधोमध झाडाचं चित्र, फांद्यांवर गोल गोल फोटो, खाली सौजन्य म्हणून स्वतःचं नाव. आम्ही बायका आत करंज्या तळत होतो, हात पुसत बाहेर येऊन बघतो तर सगळे पुरुषच, सुना 'सौ.' म्हणून बारीक अक्षरात, मुली गायब. आणि मधली आत्या तर कुठेच नाही, कारण तिने धर्माबाहेर लग्न केलेलं. पपांच्या एका बाजूला मोठे काका, दुसऱ्या बाजूला धाकटे काका, मधली फांदी अशी सफाईने उडवलेली की नवीन माणसाला वाटावं हे तिघेच भावंडं. शेवटच्या आजारपणात आजीचं अंथरूण कोणी काढलं तर त्या आत्याने, रोज दोन बस बदलून येऊन, तेव्हा हे फांद्यांवरचे गोल फोटो कुठे होते कोण जाणे.

त्या दिवशी तारीख नेमकी 17. संध्याकाळी रोझरी झाल्यावर वाचन माझ्याकडे होतं. दादा म्हणाला, अगं ती नावं सोड, पोरं कंटाळतात, मोबाईलवर आजचं मनन आलंय तेच वाच, छोटंसं आहे. मननात काय, तर गुलाबाचं चित्र आणि 'देवाच्या योजनेत प्रत्येकाला स्थान आहे'. हे वाक्य त्या फ्लेक्सखाली उभं राहून वाचायचं! मी अख्खी वंशावळ वाचली, चारही नावांवर थांबत थांबत. आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, मी तिच्याकडे बघितलं नाही मुद्दाम.

जेवताना दादा काय म्हणतो, मत्तयने पण योराम आणि उज्जिया यांच्या मधले तीन राजे गाळलेत की, चौदाचा हिशोब जमवायला, मग मी जागेअभावी एक नाव गाळलं तर काय बिघडलं. खरंय, गाळलेत त्याने. पण राजे गाळले ना? राहाबला नाही गाळलं. याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही आणि घरात विषय निघाला की मीच भांडखोर.

म्हणून सांगते, मनन नंतर, आधी बायबल उघडून तो उतारा वाचायचा. मनन लिहिणारा त्याला झेपेल तेवढंच सांगतो, अवघड बाई आली की तो पण फुलाचं चित्र लावून मोकळा होतो. सगळेच तसे नसतात, आमच्या इथले काही फादर फार छान लिहितात, त्यांचं जरूर वाचा. आणि लहान मुलं असतील तर तामारची गोष्ट तपशिलात सांगत बसू नका, नाव वाचलं तरी पुरे.

हो, एक राहिलं, 17 ला रविवार आला, 2023 ला आलेला तसा, तर मिस्सात त्या रविवारची वाचनं होतात, वंशावळ घरीच वाचावी लागते. प्रोटेस्टंट असाल तर तुमच्या चर्चची वाचनं वेगळी असू शकतात, पाळकांना विचारा. आणि 25 ला बायबल मिटून ठेवू नका, 28 ला हेरोदाने मारलेल्या बाळांचा सण असतो, त्या दिवशी केक खात खात का होईना पण ते वाचा.

दादा, तू इथे असतोस हे मला माहितीये. यंदा नवीन फ्लेक्स करणार असशील तर खर्चात माझा वाटा घे, पण छापायच्या आधी प्रूफ ग्रुपवर टाक.