उत्सुक लोक आणि ग्राहक

प्रश्न : नऊ वर्षांची नोकरी सोडून एका मित्राबरोबर लहान व्यावसायिकांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करावे, असा माझा विचार आहे. या कामात मला अर्थ वाटतो. परंतु बचत त्यात घालण्यास पत्नीचा ठाम नकार आहे. शिवाय ज्या बारा जणांनी केवळ उत्सुकता दाखवली, त्यांना गुंतवणूकदारांपुढे ‘ग्राहक’ म्हणावे, सुरुवातीला सगळेच असे करतात, असे मित्र म्हणतो. मी काय करावे?
– एक वाचक

उत्तर : मित्राच्या सूचनेला आजच नकार द्या. बारा जणांनी उत्सुकता दाखवली असेल, तर तेवढेच सांगावे. एकदा खोटा आकडा दिला की पुढची वाढ त्याच आकड्यावर दाखवावी लागते आणि नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यांनाही त्या खोट्यात सामील करून घ्यावे लागते. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘थेरानोस’ ही रक्ततपासणीची कंपनी स्थापन केली. यंत्राला जे जमत नव्हते ते जमते असे सांगितले गेले, आणि गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल २०२२ मध्ये त्यांना अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. तुमचे प्रकरण त्या मानाने फार लहान आहे, हे मी जाणतो. तरीही जो भागीदार पहिल्याच बैठकीसाठी आकडा फुगवायला सांगतो, तो पुढे तुम्हालाही खरा हिशेब दाखवील का, याची मला तुमच्यासाठी खरोखर काळजी वाटते.

पत्नीच्या नकाराला मात्र विरोध समजू नका. त्यांचा नकार व्यवसायाला आहे की ज्याला अंत दिसत नाही अशा जोखमीला आहे, हे त्यांना शांतपणे विचारा. मर्यादित दायित्वाची कंपनी, म्हणजे जिच्या कर्जासाठी मालकाला गुंतवलेल्या रकमेपलीकडे स्वतःच्या खिशातून भरावे लागत नाही अशी कंपनी, काढली म्हणजे घर सुरक्षित राहिले, असे अनेकांना वाटते. पण नव्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि त्या कागदावर सही झाली की त्या कर्जापुरती ती मर्यादा उरत नाही. अशी सही पत्नीला न सांगता करणे, ही माझ्या मते गुंतवणूकदाराच्या फसवणुकीइतकीच गंभीर गोष्ट आहे, कारण बचत दोघांची आहे आणि तिच्यामागे दोघांचे कष्ट आहेत. तेव्हा घरखर्चाचे किती महिन्यांचे पैसे बाजूला राहतील, किती रकमेपर्यंत तोटा सोसायचा आणि कोणत्या तारखेला थांबून फेरविचार करायचा, हे दोघांनी मिळून कागदावर लिहा. पुढे दरमहा हिशेबाची वही त्यांच्यासमोर ठेवा. त्या वहीत ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम उत्पन्न म्हणून मांडू नका. काम पूर्ण होईपर्यंत ते तुमच्यावरचे देणेच असते.

कामातल्या अर्थाविषयी आताच फार विचार करून हाती काही लागणार नाही. नोकरीचा करार परवानगी देत असेल, तर राजीनाम्यापूर्वी त्या बारांपैकी तिघांचे हिशेब काही आठवडे स्वतः हाताने करून द्या आणि त्याचा मोबदला, थोडा का होईना, मागा. जो पैसे देईल, त्याला गुंतवणूकदारांपुढे खुशाल ग्राहक म्हणा. पत्नीची इच्छा असेल, तर त्यांनाही एखाद्या भेटीला बरोबर न्या.