पावतीवर ३१ मार्च, बँकेच्या मेसेजमध्ये १ एप्रिल: देणगी कुठल्या वर्षात धरायची?

तुम्ही रात्री पाऊणच्या सुमारास यूपीआयने देणगी दिलीत. बँकेचा मेसेज १ एप्रिल २०२५, ००:४२ चा आणि संस्थेच्या पावतीवर मात्र ३१ मार्च, १९:१२. मग ८०जीची, म्हणजे आयकर कायद्यातल्या देणगीवरच्या कलमाची, सूट २०२४-२५ मध्ये घेता येईल का, आणि अमेरिकेत सिएटलला राहणाऱ्या भावाच्या पावतीचंही असंच होईल का, असं तुम्ही विचारलंय.

२०२४-२५ मध्ये नाही घेता येणार. पैसे तुमच्या खात्यातून १ एप्रिलला गेले, देणगी २०२५-२६ ची.

एका संस्थेच्या पावत्यांचं काम मी बघतो, मार्चअखेरीला हा घोळ ठरलेला. सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेत, साठवतात, त्यात काही चूक नाही. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पावतीची पीडीएफ बनवताना हे साडेपाच तास मिळवायचे असतात, ते राहून जातं. मग १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंत आलेली प्रत्येक देणगी ३१ मार्चचीच दिसते.

ओळखायचं असेल तर मिनिटं बघा. मेसेजमध्ये ४२, पावतीवर १२: बरोबर तीसचा फरक. आपल्या वेळेतला तो अर्धा तास इथे कामी येतो. पावती यूटीसीत असो, न्यूयॉर्कच्या वेळेत असो की सिंगापूरच्या, मिनिटं तीसनेच सरकणार. मिनिटांचा मेळच बसत नसेल, तर बहुधा पावती तयार झाल्याची किंवा गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीकडून, पैसे संस्थेला पोचल्याची वेळ छापलेली असते. वेळेच्या शेवटी झेड (Z) हे अक्षर असेल तर ती यूटीसी. आणि नुसतं ‘आयएसटी’ (आपल्याकडे भारतीय प्रमाण वेळ) दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, आयर्लंड आणि इस्रायलवालेही आपापल्या वेळेला तेच म्हणतात!

‘पावती ३१ मार्चची आहे ना, मग लावून टाकू’ असं करू नका. संस्था वर्षभराच्या देणग्या १०बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याला कळवते आणि पुढच्या ३१ मेपर्यंत तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र देते. खरं वजन त्या प्रमाणपत्राला. संस्थेला यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि बँकेचा मेसेज पाठवा, आणि ही देणगी कुठल्या वर्षाच्या १०बीडीत घातली ते विचारा. त्यांच्या सॉफ्टवेअरने यूटीसीच्या तारखेवरून मागच्या वर्षात ढकलली असेल, तर १०बीडी दुरुस्त करता येतो. सुधारित पावतीही मागून घ्या. सूट बुडत नाही, एक वर्ष पुढे जाते. अर्थात जुन्या करप्रणालीत असाल तरच. नव्या प्रणालीत ८०जी नाहीच, त्यामुळे तारखेवरून डोकं लावायचं कारण नाही.

भावाचं उलटं होतं. अमेरिकेचं करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं आणि सिएटलची हिवाळ्यातली वेळ यूटीसीच्या आठ तास मागे. म्हणून ३१ डिसेंबरला दुपारी चारनंतर दिलेली देणगी यूटीसीच्या पावतीवर १ जानेवारीची दिसते. तिथे क्रेडिट कार्डाने दिलेली देणगी कार्डावर रक्कम पडली त्या वर्षाची धरतात, बिल जानेवारीत भरलं तरी. त्यांनी कार्डाचं स्टेटमेंट पावतीला जोडून ठेवावं. मात्र पैसे थेट भारतातल्या एखाद्या ट्रस्टला पाठवले असतील, तर अमेरिकेत त्यावर साधारणतः सूटच मिळत नाही.