तुर्की लेखक ओरहान पामुकची कादंबरी ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’ मध्यावर रटाळ का होते? त्यातल्या वस्तू प्रतीकं समजून वाचायच्या का?

तुम्ही जिथं अडकलात तिथंच बहुतेक वाचक अडकतात. नायक केमालचं जिच्यावर प्रेम आहे त्या फ्युसुनचं लग्न झालेलं आहे, आणि तो तिच्या आईवडिलांच्या घरी जेवायला जायला लागतो. मग शेकडो पानं तेच चालतं: जेवणाचं टेबल, टीव्ही, फ्युसुनची आई नेसिबे मावशी, राकी या तुर्की दारूचा पेला, रात्री उशिरा घरी परत. जवळजवळ आठ वर्षांत १,५९३ वेळा. या भागात कथानक शोधलंत तर कंटाळाच येणार, कारण पामुकने ते मुद्दाम थांबवून ठेवलंय.

प्रतीकांचं म्हणाल तर ती भानगड सोडूनच द्या. मिठाची दाणी म्हणजे अमुक, कानातलं म्हणजे तमुक असं लावत बसलात की पुस्तक मरतं. केमालच्या लेखी या वस्तू पुरावे आहेत. अमुक दिवशी ती इथं होती, हिला तिचा हात लागला होता, एवढंच त्याला सिद्ध करायचंय. म्हणून वाचताना प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा: ती कुठून उचलली, कोणत्या वर्षी, आणि तिच्या जागी काय आलं?

सिगारेटच्या थोटकांचं ६८वं प्रकरण घ्या. थोटकं ४,२१३. म्हणजे भेटीमागे सरासरी अडीचच्या वर. एकूण आकडा अवाढव्य वाटतो, पण एका संध्याकाळचा हिशेब अगदी साधा आहे. केमाल बघतो ते थोटकाचा आकार: रागात चिरडलेलं, घाईत वाकवलेलं, लिपस्टिक लागलेलं. फ्युसुन टेबलावर जे बोलू शकत नाही ते त्याला तिथं वाचायला मिळतं. लगेच पुढचं ६९वं प्रकरण ‘कधीकधी’ या एकाच शब्दाच्या आवर्तनावर चालतं. ही दोन प्रकरणं एका बैठकीत वाचा. जमल्यास मोठ्याने.

टीव्हीवर ठेवलेली चिनीमातीची कुत्री मात्र वेगळी. केमाल एक उचलतो, दुसरं आणून ठेवतो, आणि सगळ्यांना कळूनही घरात कुणी चकार शब्द काढत नाही. चोरीला मिळालेली ही मूक संमती मला थोटकांपेक्षा जास्त अस्वस्थ करणारी वाटते. क्विन्स फळाच्या किसणीकडेही लक्ष ठेवा. १९८०च्या लष्करी उठावानंतरची संचारबंदी, रस्त्यात गाडी अडवणारे सैनिक, आणि केमालजवळ ही किसणी! तिचं त्यांना काय सांगणार? राजकारण या कादंबरीत बहुधा असंच, स्वयंपाकघराच्या वाटेने येतं.

या कादंबरीतली उदासी फक्त प्रेमभंगाची समजलात तर अर्धंच हाती लागेल; ती मागे पडलेल्या काळाचीही आहे. त्यासाठी मध्ये थांबून तुर्की लेखक अहमेत हमदी तानपिनारची कादंबरी ‘टाइम रेग्युलेशन इन्स्टिट्यूट’ वाचा; इंग्रजी अनुवाद मिळतो. उस्मानी (ऑटोमन) काळात सूर्यास्ताला बारा वाजत, म्हणून घड्याळं सतत जुळवून घ्यावी लागत. १९२६मध्ये युरोपीय वेळ आणि कालगणना लागू झाली आणि जुनी वेळ कारभारातून गेली. तानपिनार यावर रडत नाही, टर उडवतो. त्याच्या कादंबरीतली संस्था चुकलेल्या घड्याळांना दंड करते, वर दंडात सवलतही देते. पण नायकाच्या घरात ‘मुबारक’ नावाचं एक मोठं लंबकाचं घड्याळ आहे, पणजोबांनी नवस बोललेल्या मशिदीसाठीचं. मशीद काही बांधली गेली नाही. घड्याळ घरातच राहिलं, स्वतःच्या मर्जीने चालत. मागे राहिलेली वस्तू कशी घर व्यापून बसते हे इथं आधी हसत कळतं, आणि मग पामुकचा केमाल तितकासा विक्षिप्त वाटत नाही.

तानपिनारची ‘हुझूर’ (१९४९) अधिक गंभीर आणि संथ आहे. सुरुवात तिच्यापासून नको.

इस्तंबूलला जाणं झालं तर चुकुरजुमा भागात पामुकने २०१२मध्ये खरोखरचं संग्रहालय उघडलंय. कादंबरीच्या ८३ प्रकरणांप्रमाणे तिथल्या मांडणीला ८३ क्रमांक दिलेत. थोटकं प्रवेशापाशीच भिंतभर टाचलेली दिसतील. आधी पुस्तक पूर्ण करा, नाहीतर ते नुसतं जुन्या बाजारातलं सामान वाटेल. शेवटच्या प्रकरणात तिकीट छापलेलं आहे. त्यावर शिक्का मारून एकदा मोफत प्रवेश देतात. तेव्हा स्वतःची छापील प्रत न्या, वाचनालयाची नको.