छातीचा एक्स-रे काढायला जाताना

प्रश्न : माझ्या वडिलांचा खोकला बरेच दिवस थांबत नसल्यामुळे डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितले आहे. वडिलांना किरणांची भीती वाटते. तपासणी निर्धोक असेल, तर तंत्रज्ञ स्वतः आडोशाला का जातो, असे ते विचारतात. उपाशीपोटी जावे लागते का आणि आत नेमके काय करतात, हेही कृपया सांगावे.

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे आणि तिचे नीट निरसन झालेच पाहिजे. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये मिळणारी किरणांची मात्रा साधारणपणे ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहूनही कमी असते. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला निसर्गतःच वर्षाला मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. तंत्रज्ञाला मात्र दिवसभर एकामागून एक एक्स-रे काढायचे असतात आणि दर वेळी तो खोलीतच थांबला, तर विखुरलेल्या किरणांची त्याच्या वाट्याची मात्रा वाढत जाईल, म्हणून तो शिशाच्या आडोशामागे जातो. यंत्र थांबताच किरणही थांबतात. शरीरात काहीही शिल्लक राहत नाही.

उपाशी राहण्याची गरज नाही. गळ्यातली साखळी, खिशातला मोबाइल, धातूची बटणे असलेला सदरा मात्र काढून ठेवावा लागतो, कारण त्यांची सावली नेमकी फुप्फुसांवर पडते.

आत गेल्यावर छाती उभ्या पाटीला टेकवून, हनुवटी वर आणि हात कमरेवर ठेवून खांदे पुढे झुकवायला सांगतात. ही अवस्था अवघडल्यासारखी वाटते, पण त्यामुळे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरतात. मग खोल श्वास घेऊन रोखायचा असतो. श्वास भरला की छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा खाली जातो आणि फुप्फुसांचा तळही स्पष्ट दिसतो. श्वास अर्धवट राहिला, तर तिथे नसलेला दोष असल्याचा भास होऊ शकतो. किरण क्षणार्धापुरतेच सोडले जातात आणि त्या वेळी काहीही जाणवत नाही. खोकल्याची उबळ येईलसे वाटले, तर वडिलांनी आधीच तसे सांगावे, तंत्रज्ञ थांबतो. माझ्या मते, घाईघाईने काढलेल्या आणि पुन्हा काढाव्या लागणाऱ्या एक्स-रेपेक्षा हे थांबणे केव्हाही चांगले.

त्यांना उभे राहणे जमत नसेल, तर बसवून किंवा झोपवूनही एक्स-रे काढता येतो. त्यांना धरायला कोणी आत थांबणार असेल, तर त्या व्यक्तीला शिशाचा एप्रन दिला जातो; गर्भवती स्त्रीने, किंवा गर्भ असण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने, हे काम करू नये.

जुने एक्स-रे असतील, तर ते अवश्य सोबत न्यावेत, कारण एखादा डाग नवा आहे की वर्षानुवर्षे तसाच आहे, हे शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळते. अहवालात काही आढळले नाही, तरी खोकला चालूच असेल, तर डॉक्टरांना पुन्हा भेटावे. फुप्फुसांचे काही आजार सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत आणि त्यासाठी सीटी स्कॅन किंवा थुंकीची तपासणी करावी लागू शकते.