कन्फ्यूशियसच्या आधी झोउ राज्याची पडझड वाचा

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: कन्फ्यूशियस, लाओत्झू, मोझी आणि ते कठोर कायदेवादी (राज्य कडक नियमांनी आणि शिक्षेने चालवा म्हणणारे), अशी इतकी माणसं चीनमध्ये दोन-तीनशे वर्षांच्या आत कशी निघाली, त्यांच्या विचारांना धर्म म्हणायचं की दर्शन, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची. बहुतेक जण लाओत्झूपासून सुरुवात करतात, कारण ग्रंथ लहान आहे आणि वाक्यं मनात रेंगाळतात. माझं मत उलट आहे. लाओत्झू शेवटी ठेवा. ही माणसं कुठल्या संकटात बोलत होती ते आधी समजून घ्या, कारण त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण एकाच प्रश्नाशी झगडतो आहे: जुनी घडी मोडली, आता माणसांना एकत्र बांधून ठेवणार काय?

ती जुनी घडी कशी होती हे कळायला हनान प्रांतातल्या आन्यांगपर्यंत मागे जावं लागतं. शांग राजांची शेवटची राजधानी इथे होती. १९२८ पासून तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झालं आणि कासवाच्या पाठी-पोटाची कवचं व बैलांच्या खांद्याची हाडं यांचे ढीग सापडले. आजवर मिळालेल्या तुकड्यांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते. हाडाला ठरावीक जागी तापवायचं, तडा कसा गेला ते पाहून कौल घ्यायचा आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचा. पाऊस पडेल का, स्वारी करावी का, राजाचा दात दुखतोय तो कुठल्या पूर्वजाच्या कोपामुळे, असे ते प्रश्न. इ.स.पू. १२५० च्या सुमारास राज्य करणाऱ्या वू डिंग राजाची राणी फू हाव स्वतः सैन्य घेऊन लढाईला जात असे. एका कौलात तिच्या हाताखाली तेरा हजार माणसं दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या कौलात तिच्या बाळंतपणाचा दिवस विचारलाय आणि शेवटी नोंद आहे: शुभ झालं नाही, मुलगी झाली. सेनापती असलेल्या बाईच्या लेकीबद्दल हे लिहिलं गेलं. या समाजात बायकांचं स्थान काय होतं, याचं एका वाक्यात उत्तर देणं म्हणूनच धोक्याचं आहे. फू हावची न लुटलेली कबर १९७६ मध्ये सापडली. तिच्यातली ब्राँझची चारशेहून जास्त भांडी-शस्त्रं पाहिली की तिचा दरारा कळतो.

शांगांचा राजा बळकट होता, कारण पूर्वजांशी बोलायचा हक्क त्याच्याकडे होता. इ.स.पू. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडच्या झोउंनी त्यांचा पराभव केला आणि झोउंपुढे अडचण उभी राहिली: ज्याच्या पाठीशी इतके पूर्वज, त्याला मारलं ते न्याय्य कसं? त्यांनी दिलेलं उत्तर चिनी राजकारणात पुढे तीन हजार वर्षं टिकलं. राज्य करायचा आदेश आकाश देतं, आणि राजा नालायक निघाला की तो काढून घेतं. झोउंनी हे स्वतःच्या सोयीसाठी सांगितलं असेल, पण त्यामुळे राजाचं वागणं तपासायची वाट कायमची उघडली. पुढचे सगळे विचारवंत त्याच वाटेने आत आले आहेत.

झोउंनी भाऊबंदांना आणि सोबत्यांना मुलूख वाटून दिले. नातं, पूर्वजपूजा आणि कोणी किती ब्राँझचे त्रिपाद (तीन पायांची विधीची भांडी) मांडायचे इथपर्यंत ठरलेला मानपान, यांवर ते राज्य उभं होतं. इ.स.पू. ७७१ मध्ये पश्चिमेची राजधानी लुटली गेली, राजा मारला गेला आणि दरबार पूर्वेला आजच्या लुओयांगजवळ हलला. त्यानंतर राजा नावापुरता राहिला. मांडलिकांची नाती पिढ्यांमागे पातळ होत गेली आणि मोठी राज्यं छोट्यांना गिळू लागली. त्यासाठी पैसा हवा, म्हणून इ.स.पू. ५९४ मध्ये लू राज्याने जमिनीच्या क्षेत्रावर सारा बसवला. सैन्य हवं, म्हणून रथातल्या सरदारांच्या जागी पायदळातले शेतकरी आले.

या पडझडीतला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग इ.स.पू. ५३६ चा आहे. झेंग राज्याचा मुख्यमंत्री झिचान याने दंडाचे कायदे ब्राँझमध्ये ओतून जाहीर केले. शेजारच्या जिन राज्यातल्या शूश्यांग नावाच्या मंत्र्याने त्याला कळवळून पत्र लिहिलं: लोकांना कायदा कळला की ते वरिष्ठांना भिणार नाहीत, एकेका अक्षरावरून भांडत बसतील. झिचानने नम्रपणे कळवलं की नातवंडांपर्यंतचा विचार करायची माझी कुवत नाही, मी आजचं जग वाचवू पाहतोय. तेवीस वर्षांनी जिननेही त्रिपादावर कायदे ओतून तेच केलं, तेव्हा कन्फ्यूशियसने टीका केल्याची नोंद आहे: लोक आता त्रिपादाकडे बघतील, मग थोरांचा मान कोण ठेवणार? पुढच्या तीनशे वर्षांचा सगळा वाद या दोन प्रसंगांत बीजरूपाने आहे. समाज रीतीने चालवायचा की लिहिलेल्या नियमाने?

याच मोडतोडीतून विचारवंतांचा वर्ग निघाला. शी म्हणजे सरदारांतली सगळ्यात खालची फळी. लिहिता-वाचता येणारे, विधी जाणणारे, शस्त्र चालवणारे लोक. पण घराणी बुडाली तशा त्यांच्या जागा गेल्या. मग ते राज्याराज्यांतून फिरत सल्ला देऊ लागले. छी राज्याच्या लिन्झी या राजधानीत तर अशा लोकांना मानधन, घरं आणि पदव्या देऊन ठेवलं जाई. एकदम इतके विचारवंत कसे, याचं माझ्या मते खरं उत्तर हे: ऐकून घ्यायला अनेक राजे होते, एकमेकांशी चढाओढ करणारे होते, आणि एकाकडे जमलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येत होतं.

लू राज्यातल्या चूफूचा कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) याच फळीतला. त्याला जुनी रीत परत आणायची होती, म्हणून त्याला सनातनी म्हणून बाजूला टाकतात. तसं करू नका. सुकवलेल्या मांसाची जुडी गुरुदक्षिणा म्हणून आणणाऱ्या कोणालाही मी शिकवायला नाही म्हटलं नाही, असं तो सांगतो. सज्जनपणा जन्माने नाही, शिक्षणाने येतो, हे त्या काळात केवढं धाडसाचं होतं! तबेला जळाल्यावर त्याने विचारलं, कोणा माणसाला लागलं का? घोड्यांचं विचारलं नाही. घोडा तेव्हा फार मोलाचा होता, आणि तबेल्यात राबणारी माणसं तळाची.

मोझीचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच्या लिखाणात कंपास, गुण्या, ओळंबा सतत येतात. कारागिरांच्या जगातला माणूस असावा. खर्चिक अंत्यविधी आणि तीन वर्षांचं सुतक गरिबाला बुडवतं, असं तो स्पष्ट म्हणतो. आपलं घर, आपलं राज्य असा भेद न करता सर्वांची सारखी काळजी घ्या, ही त्याची मुख्य शिकवण. आणि ती नुसती बोलण्यापुरती नव्हती. चू राज्य छोट्या सोंग राज्यावर चालून जाणार, त्यासाठी गोंगशू बान या कारागिराने तटावर चढायच्या उंच शिड्या बनवल्या आहेत, हे कळल्यावर मोझी दहा दिवस, दहा रात्री चालत चूला पोचला, अशी कथा आहे. राजासमोर त्याने कमरपट्टा सोडून त्याचा तट मांडला, काठ्यांची यंत्रं केली, आणि गोंगशू बानचे नऊ हल्ले परतवले. बान म्हणाला, तुला हरवायचा उपाय मला माहीत आहे, पण सांगणार नाही. मोझीने उत्तर दिलं: मला मारायचं मनात आहे, पण माझे तीनशे शिष्य यंत्रांसह सोंगच्या तटावर आधीच उभे आहेत. स्वारी रद्द झाली. परतताना सोंगमध्येच पाऊस लागला, तर वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही.

कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियसने मोझीवर कडाडून हल्ला केला: सर्वांवर सारखं प्रेम म्हणजे बापाला बाप न मानणं. पण त्याचा स्वतःचा निर्भीडपणा बघा. शांगांच्या शेवटच्या राजाला मारलं तो राजवध नव्हता का, असं विचारल्यावर तो म्हणतो, एका नीच माणसाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं ऐकलं नाही. हे तो राजाच्या तोंडावर बोलला. मेन्शियस माणसाचा स्वभाव मुळात चांगला मानतो. त्याच परंपरेतला श्युनझी विरुद्ध टोकाचा: माणसाचा स्वभाव वाईट, त्याला शिक्षणाने आणि रीतीने घडवावं लागतं. हान फेई आणि लि स हे त्याचे शिष्य, आणि दोघेही पुढे कायदेवाद्यांत गणले गेले.

कायदेवाद्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत. पश्चिमेच्या छिन राज्यात शांग यांग या मंत्र्याने इ.स.पू. ३५६ पासून सुधारणा केल्या. पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरलं. दर्जा जन्मावर न देता रणात कापलेल्या शत्रूच्या डोक्यांवर दिला. युवराजाने कायदा मोडला तेव्हा त्याच्या गुरूंना शिक्षा झाली. इ.स.पू. २२१ मध्ये याच छिनने सगळा चीन जिंकला आणि पंधराएक वर्षांत ते राज्य कोसळलं. पण छिनची ही हकीकत मुख्यतः त्यानंतर आलेल्या हान घराण्याच्या काळातल्या लोकांनी लिहिली. मग १९७५ मध्ये हूबै प्रांतात श्वेहूदी इथे एका स्थानिक छिन अधिकाऱ्याची कबर सापडली, त्यात बांबूच्या हजाराहून अधिक पट्ट्या, बऱ्याचशा कायद्याच्या. एका नाण्याच्याही किमतीची नसलेली तुतीची पानं चोरली तरी तीस दिवस वेठ. कोठारात उंदरांची तीन किंवा जास्त बिळं दिसली तर अधिकाऱ्याला एका ढालीच्या किमतीचा दंड, दोनपर्यंत नुसती ताकीद.

कठोर खरंच. पण हेही पाहा: इ.स.पू. २०९ मध्ये छिनविरुद्ध पहिलं बंड झालं ते पावसामुळे उशीर झाला, उशिराला मृत्युदंड होता म्हणून, असं हान इतिहासकार सांगतो. श्वेहूदीच्या पट्ट्यांत सरकारी वेठीला उशिरा पोचणाऱ्यांसाठी ताकीद आणि दंड आहे, आणि पावसाने अडथळा आला तर काम माफ आहे. बंडखोर सीमेवरच्या पहाऱ्याला निघाले होते, त्यामुळे दोन्ही गोष्टी अगदी एक नाहीत; तरी छिनला केवळ राक्षस ठरवणाऱ्या कथा तपासून घ्याव्यात एवढं नक्की. त्याच दफनभूमीतल्या दुसऱ्या कबरीत छिन सैन्यातल्या दोघा भावांची घरी लिहिलेली लाकडी पत्रं मिळाली. आईकडे ते उन्हाळ्याचे कपडे आणि पैसे मागताहेत. तिकडे कापड स्वस्त असेल तर शिवून पाठव, नाहीतर पैसेच पाठव. चीन जिंकणारं सैन्य असं होतं.

धर्म की दर्शन? आपल्याकडे त्याच सुमारास बुद्ध आणि महावीर घर सोडून दुःखातून सुटकेचा मार्ग शोधत होते. चिनी विचारवंत बहुधा दरबाराच्या दिशेने गेले. म्हणून मोक्षाच्या चौकटीत ते बसत नाहीत, आणि देव-पूर्वजांशी त्यांचं नातं तुटलेलंही नाही. शिवाय ठळक पंथ म्हणून तेव्हा ओळखले जात ते कन्फ्यूशियसचे आणि मोझीचे अनुयायी. सहा पंथांची नीटस वाटणी सिमा तान या इतिहासकाराने हान काळात केली. दरबारालाच नकार देणारा आवाज झुआंगझीचा. चूच्या राजाने मंत्रिपद देऊ केलं तेव्हा तो नदीवर मासे धरत होता. देवळात रेशमात गुंडाळलेलं मेलेलं कासव होण्यापेक्षा चिखलात शेपूट ओढत जगणारं कासव होईन, म्हणाला. शांगांच्या कवचांची आठवण ठेवून हे वाचा, म्हणजे त्याची धार कळेल.

हानांनी पुढे छिनचे जिल्हे, नोंदी आणि कायद्याची यंत्रणा बरीचशी ठेवली आणि इ.स.पू. १२४ मध्ये राजधानीत कन्फ्यूशियसपंथी ग्रंथ शिकवायची शाळा काढली. दोन्ही बाजू एकाच राज्यात नांदू लागल्या.

वाचायचा क्रम माझा असा: आधी श्वेहूदीच्या पट्ट्या आणि ती दोन पत्रं, मग मोझीचे युद्धविरोधी भाग, मग मेन्शियसचं पहिलं प्रकरण, त्यानंतर कन्फ्यूशियस आणि झुआंगझी. लाओत्झू शेवटी, आणि तोही १९९३ मध्ये ग्वोदियनला सापडलेल्या, इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या बांबूप्रतीची माहिती शेजारी ठेवून. तिथे त्याच्या ग्रंथाचा जेमतेम दोन-पंचमांश भाग आहे आणि क्रमही निराळा आहे.