वाचकांचे प्रश्न: दात काढून अभिनय करणारा वॉल्टर ब्रेनन

प्रश्न: 'रिओ ब्राव्हो'मध्ये तुरुंगाची राखण करणारा तो बोळक्या तोंडाचा, सतत कुरकुरणारा म्हातारा कोण हो? वीस वर्षं आधीच्या सिनेमांतही तो असाच म्हातारा दिसतो. हा माणूस कधी तरुण नव्हताच का?

उत्तर: तो वॉल्टर ब्रेनन. तरुण होता की, फक्त कॅमेऱ्यासमोर फारसा नाही! जन्म १८९४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिनचा, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात होता, मग लॉस एंजेलिसला येऊन जमिनींच्या धंद्यात बक्कळ पैसा केला आणि त्याच धंद्यात घालवला पण, शेवटी पोटापाण्यासाठी एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभा राहायला लागला. १९३२मध्ये एका अपघातात बरेचसे दात गेले. दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता, याला मात्र भांडवल मिळालं. कवळी लावली की चाळिशीचा माणूस, काढली की गाल आत, हनुवटी वर, शब्द तोंडातल्या तोंडात लडबडलेले, सत्तरीचा म्हातारा तयार. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगायचा की १९३५च्या 'बार्बरी कोस्ट'च्या वेळी ब्रेनन भेटायला आला आणि विचारतो काय, "लावून करू की काढून?" हॉक्सला कळेचना काय लावून, तर म्हणे दात! हॉक्स किस्से रंगवण्यात पटाईत होता, तेव्हा थोडा मीठमसाला वजा करा. पण 'रेड रिव्हर'मध्ये त्याने या कवळीचा जो विनोद केलाय तो बघाच, ब्रेननचा ग्रूट पत्त्यांच्या डावात स्वतःची कवळी हरतो आणि मग जेवायच्या वेळी जिंकणाऱ्याकडे ती मागत बसतो. जॉन वेनला सरळ तोंडावर चूक सांगणारा सिनेमातला माणूसही हाच ग्रूट, म्हणजे हसवायला ठेवलेला म्हातारा आणि शहाणपणाचं बोलणारा म्हातारा एकच, आणि दोन्ही खरे वाटतात.

प्रश्न: सहायक अभिनेत्याची तीन ऑस्कर एकाच माणसाला? काहीतरी वशिला असणार.

उत्तर: वशिला नाही, पण मतांचं गणित होतं. सहायक भूमिकांची बक्षिसं सुरूच झाली १९३६च्या सिनेमांपासून आणि पहिलंच याला मिळालं, 'कम अँड गेट इट'मधल्या स्वीडिश लाकूडतोड्यासाठी (आणि तेव्हा सहायकवाल्यांना तो सोन्याचा पुतळा नाही, नुसती पाटी द्यायचे, यावरून काय ते समजा). त्या काळात एक्स्ट्रांनाही मत होतं, त्यांची संख्या मोठी आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला, त्यामुळे त्यांची मतं आपल्या माणसालाच पडली असं आजही बोललं जातं. पुढे एक्स्ट्रांचं मत काढून घेतलं.

माझ्या मते दुसरं बक्षीस, १९३८च्या 'केंटकी'चं, जरा स्वस्तात मिळालं. तिसऱ्याबद्दल मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही. १९४०च्या 'द वेस्टर्नर'मध्ये तो जज रॉय बीन आहे, दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवून माणसं फासावर चढवणारा, आणि लिली लँगट्री नावाच्या नटीवर वेड्यासारखा फिदा. गॅरी कूपर जीव वाचवायला थाप मारतो की मी तिला ओळखतो, माझ्याकडे तिच्या केसांची बट आहे, आणि त्यासरशी जजचा चेहरा लहान पोरासारखा होतो. आत्ता फाशी देणार होता हो हा माणूस! हिरो कूपर, पण सिनेमा ब्रेननने खिशात घातलाय.

प्रश्न: सिनेमांत लंगडतो, तसा तो खरंच लंगडा होता का? आणि आवाज असा चिरका का?

उत्तर: नाही, लंगडणं भूमिकेपुरतं. चिरका आवाज युद्धातल्या विषारी वायूमुळे झाला असं सांगतात.

प्रश्न: इतका गुणी होता तर हिरो का नाही झाला?

उत्तर: नाव सगळ्यात वर लागलंही होतं, उदाहरणार्थ १९४१च्या 'स्वॉम्प वॉटर'मध्ये. पण स्टुडिओच्या कारखान्यात असा नट सहायक म्हणूनच फायद्याचा असायचा. त्याचा करार निर्माता सॅम्युएल गोल्डविनशी. गोल्डविन वर्षाला मोजकेच सिनेमे काढायचा, मग ठरलेल्या पगारावरचा माणूस बसवून कशाला ठेवा, तो दुसऱ्या स्टुडिओला उसना द्यायचा आणि मधला फरक आपल्या गल्ल्यात टाकायचा, ही तेव्हाची सर्रास पद्धत होती, नटाला विचारतो कोण. 'केंटकी' फॉक्स स्टुडिओचा होता तो असाच. एका परीने हे बरंच झालं कारण हिरो दोन सिनेमे पडले की संपतो, ब्रेननला तशी भीतीच नव्हती. हिरो हम्फ्री बोगार्टबरोबर १९४४च्या 'टू हॅव अँड हॅव नॉट'मध्ये थरथरत्या हातांचा दारुडा, जो भेटेल त्याला मेलेली मधमाशी चावल्याबद्दल विचारणारा. त्यानंतर दोनच वर्षांनी 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये वाढलेल्या मुलांना चाबकाने फोडून काढणारा बाप, तिथे हा गोड म्हातारा कुठे गेला असंच वाटतं. त्या सिनेमात दिग्दर्शक जॉन फोर्डशी त्याचं बिनसलं आणि पुन्हा कधी त्याच्याकडे काम केलं नाही.

प्रश्न: माणूस म्हणून कसा होता?

उत्तर: राजकारणात कट्टर उजवा. अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९६४मध्ये उजव्या विचारांच्या बॅरी गोल्डवॉटरच्या बाजूने, १९७२मध्ये तर त्याहून टोकाच्या जॉन श्मिट्झच्या बाजूने. काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीमागे बाहेरचे कम्युनिस्ट आहेत असं तो उघड म्हणायचा, आणि त्यावर पांघरूण घालायचं मला कारण दिसत नाही. १९७४मध्ये गेला.

प्रश्न: एकच सिनेमा बघायचा तर?

उत्तर: 'द वेस्टर्नर'. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी 'रेड रिव्हर', आणि ऑस्करचं नाव बघून 'केंटकी'पासून सुरुवात करू नका.