"चाललं नाही तर?" – धंदा सुरू करायच्या आधी विचारायचा एक प्रश्न

मी इंदूरमध्ये समुपदेशक आहे, आणि गेल्या काही महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच जणांत एक तरी हेच विचारतोय. कोणी पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडायच्या बेतात असलेला तिशीतला मुलगा असतो, कोणी दोन वर्षांनी रिटायर होणारे काका, कोणी मुलं शिकायला बाहेर गेल्यावर रिकामं झालेलं घर घेऊन बसलेली बाई. वाक्य मात्र सगळ्यांचं सारखंच असतं, "मॅडम, छोटासा धंदा करायचाय, सगळं ठरलंय, पण चाललं नाही तर?" आणि हे म्हणताना बहुतेकांच्या हातात एक फाइल असते किंवा मोबाइलमध्ये एक्सेल शीट असतं, आणि ते शीट वर्षभर जुनं असतं. म्हणून आज एका केसबद्दल लिहितेय. त्या बाईंची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि आठ-नऊ भेटींतलं जे कामाचं होतं तेवढंच देतेय.

त्यांना आपण वहिनी म्हणू, मी तेव्हाही वहिनीच म्हणायचे. वय शेहेचाळीस, राहायला सुदामा नगरच्या बाजूला, मिस्टर नोकरीत, मुलगा पुण्याला. हात इतका चांगला की सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेल्या तरी मध्यंतरात बायका भाजणी कधी देता म्हणून मागे लागायच्या. म्हणून ठरवलं, थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला, चारच वस्तू, पण नीट दुकान घेऊन. मुलाने प्लॅन करून दिला होता. दुकानाचं भाडं महिना 14 हजार, डिपॉझिट, फर्निचर, चक्की, पॅकिंगचं मशीन, सगळं मिळून 4 लाख 80 हजार, त्यासाठी मुद्रा लोन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं कर्ज, त्यातल्या किशोर गटातलं, म्हणजे 50 हजार ते 5 लाखांच्या मधलं. तीन वर्षांची महिन्यावार विक्री मांडलेली. कागदावर एक चूक काढायला जागा नव्हती. आणि वहिनींना चौदा महिने झाले रात्री दोनला जाग येत होती.

पहिल्या भेटीत त्या सारखं एकच म्हणत होत्या, माझ्यात आत्मविश्वास नाही, तो वाढवून द्या. मी या मागणीला फार मान देत नाही, स्पष्टच सांगते. आत्मविश्वास आधी आणि काम नंतर असं मी माझ्या वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये फारच कमी वेळा पाहिलंय, काम थोडं होतं आणि मग तो मागून येतो. शिवाय भीती वाटणं हा आजार नाही, घरातले पैसे लावताना ज्याला काहीच वाटत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. तर मी ते शीट बघितलं आणि विचारलं,

"वहिनी, यात किती बुडाले तर चालतील?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती पैसे गेले तर तुम्ही म्हणाल की बास, आता थांबू?"

त्या एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "असं अशुभ कशाला बोलता मॅडम, अजून नारळ पण नाही फोडला."

या उत्तरावर मी नंतर खूप विचार केला. छत्तीस महिन्यांच्या नफ्याचे छत्तीस आकडे होते, पैशापर्यंत काढलेले. नुकसानीचा एकही नव्हता. रात्री दोनला जे उठवत होतं ते नेमकं हेच होतं ना, बिनआकड्याचं. लाख गेले तर? पाच लाख गेले तर? घरच गेलं तर? ज्या भीतीला आकडा नसतो ती घरभर पसरते, आणि माणूस तिच्यावर उपाय म्हणून शीटमध्ये अजून एक कॉलम वाढवतो. प्लॅनिंग चाललंय असं सगळ्यांना वाटतं, त्यालासुद्धा, पण खरं म्हणजे तो रोज काम पुढे ढकलत असतो आणि वर दमतो पण.

मी त्यांना सांगितलं की घरी जाऊन मिस्टरांशी आणि सासूबाईंशी बसा, आणि असा एक आकडा ठरवा की तेवढा गेला तर वाईट वाटेल पण घरातलं काही अडणार नाही. पंधरा दिवसांनी आल्या, विचारलंच नव्हतं. मिस्टर म्हणे "तुला वाटेल ते कर" म्हणून मोकळे झाले आणि सासूबाईंसमोर तर विषयच काढायची चोरी, कारण सासऱ्यांनी फार पूर्वी साबणाचा कारखाना काढला होता, तो बुडाला, तेव्हापासून घरात धंदा हा शब्द कोणी उच्चारत नाही. मी जरा थांबले. मला हे आधी कळायला हवं होतं. मी माणसाच्या जुन्या गोष्टींत फार खोदत बसणाऱ्यांतली नाही, आज काय करता येईल ते बघू असा माझा कल, पण इथे जुनी गोष्ट आजच्या जेवणाच्या टेबलावर बसलेली होती.

पुढच्या वेळी योगायोग झाला. सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे दाखवून वहिनी तशाच माझ्याकडे आल्या, सासूबाई बाहेर बाकावर. मी विचारलं त्यांना आत बोलावू का, वहिनी घाबरून हो म्हणाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, नऊवार नाही पण डोक्यावरून पदर, हातात डॉक्टरची पिशवी. मी सरळच सांगितलं, आजी, वहिनींना भाजणीचा धंदा करायचाय आणि तुम्हाला विचारायला त्या घाबरतायत.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला काय विचारायचं. मी धंद्याला कुठे घाबरते."

वहिनी चकित. "आई, तुम्हीच तर म्हणता आपल्या घराला धंदा लाभत नाही."

"म्हणते. पण बाई, धंदा बुडाला त्याचं मला नव्हतं वाटलं. बुडतात, सगळ्यांचे बुडतात. ह्यांनी मला किती बुडालं ते सांगितलं नाही, शेवटपर्यंत नाही सांगितलं. माझ्या पाटल्या गेल्या हे मला नणंदेच्या मुलीच्या लग्नाला डबा उघडला तेव्हा कळलं. मागितल्या असत्या तर मीच काढून दिल्या असत्या. किती गेले हे ठाऊक असतं ना, तर तेवढ्यापुरतं रडून मोकळी झाले असते. ते ठाऊक नाही म्हणून दार वाजलं की मला अजून वाटतं वसुलीवाला आला."

खोलीत कोणी काही बोलत नव्हतं. मी पण नाही, अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये हे मी फार उशिरा शिकलेय. वहिनींनी सासूबाईंच्या हातातली पिशवी घेतली, बाजूला ठेवली आणि एकदम म्हणाल्या,

"पस्तीस."

"पस्तीस काय?"

"पस्तीस हजार, आई. माझ्या भिशीचे आहेत. तेवढे गेले की मी थांबणार, आणि किती गेले ते दर रविवारी तुम्हाला सांगणार."

आजींनी जरा हिशेब केला मनात. "एवढ्यात काय घाबरायचं, मागच्या वर्षी फ्रिज आणि टीव्हीला यापेक्षा जास्त गेले."

वहिनी हसायला लागल्या आणि मग रडायला लागल्या. चौदा महिने जे शीट करू शकलं नाही ते एका आकड्याने झालं, आणि तो मोठ्याने, ज्याच्यासमोर बोलायची सगळ्यात जास्त भीती त्याच्यासमोर बोलल्यामुळे झालं. मला त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटत होतं, प्रश्न योग्य विचारला होता याचं समाधान होतंच, पण उत्तर आजींनी दिलं होतं आणि ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तेव्हापासून धंद्याच्या प्रत्येक केसमध्ये मी घरातल्या एका माणसाला तरी बोलावतेच, आणि विचारते की यांच्या घरात आधी काय बुडालंय आणि ते कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता जे हे वाचून स्वतःसाठी करून बघणार आहेत त्यांना सांगते, हा आकडा काढायचा कसा. उसने घेतलेले पैसे त्यात धरायचे नाहीत, सहा महिन्यांचा घरखर्च आणि औषधपाणी बाजूला काढल्यावर जे उरतं त्यातूनच तो यायला हवा, आणि बरोबर मुदत हवी, वहिनींनी सहा महिने धरले होते. मग धंदा त्या आकड्यात बसवायचा, धंद्यासाठी आकडा ओढायचा नाही. पस्तीस हजारात दुकान येत नव्हतं म्हणजे दुकान गेलं. वहिनींना याचं वाईट वाटलं, दुकानाशिवाय धंदा कसला म्हणे. मी म्हटलं आपण इंदूरचे, आपला सराफा बघा की. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोर गराडू (तळलेला कंद), दहीवडे, जिलेबी मांडून बसतात आणि सगळं शहर तिथे खायला जातं. आधी ओटा शोधा, दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या वेळेत. लोक आपल्याला किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं उदाहरण देतात, पण ती 1910 ची, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलचं दुकान काढलं होतं 1888 मध्ये, मधल्या बावीस वर्षांचं कोणी बोलत नाही.

वहिनींचा ओटा म्हणजे घरचं स्वयंपाकघर, मैत्रिणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि मराठी कार्यक्रमांतले स्टॉल. सुरुवातीला छावणी मंडीत एकदम क्विंटलने माल घ्यायला निघाल्या होत्या, तिथल्या व्यापाऱ्यानेच सांगितलं "बहनजी, पहले दस किलो का बनाओ, बिके तो फिर आना". भला माणूस.

त्या दहा किलोचा हिशेब आम्ही एका भेटीत बसून केला, कारण पैशाची भीती पैशाच्याच भाषेत उतरते. वहिनी धरून चालल्या होत्या की किलोला धान्य 75 रुपयांचं, विकू 160 ला, म्हणजे 85 सुटतात. मग वहीत सगळं मांडलं. धान्य 750, दळण 100, गॅस 120, अर्ध्या किलोच्या वीस पिशव्या आणि लेबलं मिळून 160, झाले 1130. आणि भाजून-दळून हातात दहा किलो येतच नाही, साडेनऊ आली. मी विचारलं तुमचे तास किती, म्हणाल्या सहा, पण ते काय धरायचे. हे प्रत्येक बाई म्हणते आणि प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटतं. दुसऱ्या बाईला मदतीला ठेवलं तर तिला तासाला काय द्याल? सत्तर. मग धरा 420. एकूण 1550, म्हणजे किलोला 163 रुपये. त्या 160 ला विकायला निघाल्या होत्या! दर 240 केला, त्यांना वाटलं कोणी घेणार नाही, घेतलं.

कागदपत्रांचं भूत पण फार असतं लोकांच्या डोक्यात, एका एजंटने उद्यम रजिस्ट्रेशनचे, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, अडीच हजार सांगितले होते, ते सरकारी पोर्टलवर आधारने फुकट होतं, 2020 पासून. खाण्याच्या वस्तू म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन, वर्षाला 12 लाखांच्या आत विक्री असणाऱ्यांना तेव्हा त्याची फी वर्षाला 100 रुपये होती. वस्तू विकणाऱ्याला जीएसटी 40 लाखांच्या विक्रीपर्यंत साधारणपणे लागत नाही. दोन दुपारी लागल्या सगळ्याला. बँकेत वेगळं खातं मात्र पहिल्याच दिवशी उघडायला लावलं, घरचं दूध त्या खात्यातून आणायचं नाही आणि भाजणीचे पैसे डाळीच्या डब्यात ठेवायचे नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. गोड्या मसाल्याचे सात किलो वाया गेले, साध्या पिशव्या वापरल्या आणि वास उडाला. मेतकूट मराठी घरांच्या बाहेर कोणी घेईना. गणपतीच्या आधी बुडालेल्या पैशांचा आकडा 19 हजारांवर गेला होता आणि वहिनी पुन्हा एकदा रात्री दोनला उठल्या. पण या वेळी उठून काय केलं तर वही काढली, 35 मधून 19 वजा केले, 16 आहेत बघून झोपल्या. मला हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, मी मात्र ते माझ्या डायरीत लिहून ठेवलंय. दिवाळीला चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी इतक्या आल्या की मिस्टर सुट्टी टाकून पिशव्या सील करत बसले आणि रविवारचा आकडा उतरून दहा हजारांच्या खाली आला.

मागच्या महिन्यात त्या भेटायला आल्या, काम काही नव्हतं, भाजणीचं पाकीट द्यायला. म्हणाल्या एक छोटा गाळा बघितलाय, भाडं साडेनऊ हजार, मालक अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करायला तयार आहे. मी विचारायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "सव्वा लाख, मॅडम. आईंना सांगून आलेय."